दातखीळ

जाताना दानुबियोने हँडब्रेक ओढला होता.
त्या वर्षी बँकांनी दारं लावून घेतलेली,
आणि कास्तियोसहून सुटणाऱ्या बसमध्ये
आमच्या गल्लीतली सात पोरं एकदम चढली.
"काढू नकोस हं, नेल्बा, उतार आहे," म्हणाला.
शेडमध्ये कसला उतार?
लिंबू ठेवलं तर जागचं हलणार नाही, अशी जमीन.

मग एकवीस वर्षं, दर रविवारी, व्हिगोहून फोन.
आधी पिकअप, मग आईचे गुडघे, मग मी.
"सुरू करतेस ना महिन्यातून एकदा?"
"करते की."
पहिल्यांदा म्हटलं तेव्हा कानशिलं तापली,
पुढे पुढे येर्ब्यावर गरम पाणी ओतावं
तसं आपोआप तोंडून ओतलं जायचं.

आता तो येतोय. अठरा तारखेला.
सोबत बायको,
जिला त्याने या प्यूजोचा रंगसुद्धा सांगून ठेवलाय.

एबेरने बॅटरी बदलली, टाकीतला काळा काढा उपसला,
तिसऱ्या खेपेला इंजिन खोकलं आणि लागलं बोलायला.
पहिला गिअर. गाडी मागे बसली आणि बंद पडली.
रिव्हर्स. तेच.
भातवाल्यांचा ट्रॅक्टर आणून ओढली,
तर मागची चाकं न फिरताच फरफटत आली,
मातीत दोन रेघा, पोराला शाळेत ओढत न्यावं तशा.
"दातखीळ बसलीय," एबेर म्हणाला.
"अर्धी समुद्राच्या मिठाने, अर्धी तुझ्या भावाने."

मी आत बसून दांडी खाली केली.
मुकाट गेली ती, लोण्यातून सुरी जावी तशी,
पण केबल आतल्या आत गंजलेली,
चाकांपर्यंत निरोप पोचलाच नाही.

जॅक. त्याखाली ठोकळे. चाकं काढली.
एबेर ड्रमच्या कडेकडेने हातोडी फिरवत राहिला,
मारत नव्हता, दार वाजवत होता.
"बिडाचं आहे. रागाने मारशील तर तडकेल."
तेल फक्त मधल्या बुंध्याला, थेंब थेंब,
आत एक थेंब गेला तर सगळं मुसळ केरात.
ठप, ठप, ठप,
आणि मग एका ठिकाणी ठण.
"ऐकलंस?" त्याने मान तिरकी केली.
मी ऐकलं. डावं चाक दुपारी सुटलं.

उजवं नाही सुटलं.
भोकांत दोन बोल्ट घालून
याला पाव फेरा, त्याला पाव फेरा,
ताण देऊन ठेवला आणि हात पुसले.
"आता त्याचं त्याला ठरवू दे," म्हणाला आणि जेवायला गेला,
तो गेलाच.

रात्री अडीचला शेडमधून बार उडाल्यासारखा आवाज.
कुत्री उठली. पलीकडच्या खोलीतून आई ओरडली,
"दानुबियो आला का?"
मी अनवाणी, बॅटरी घेऊन.
ड्रम बोटभर पुढे सरकून उभा होता,
मध्ये काळी फट,
आणि कुणीच नव्हतं.

सकाळी उघडून पाहिलं.
गंजाची लाल भुकटी, गांधीलमाशीचं मातीचं घर, रिकामं.
ब्रेक शू नागडा,
त्याचा लायनर त्याला सोडून ड्रमलाच चिकटलेला.
एबेरने स्क्रूड्रायव्हरने खरवडलं, काही बोलला नाही.
नवे शू चुयहून, सीमेपलीकडून, उधारीवर.
सिलिंडर खोलले, घासले, पाइपांतली हवा काढली,
मी पेडल दाबत होते, तो खालून म्हणत होता,
"दाब. धर. सोड. दाब. धर."
धर म्हणाला की मी श्वाससुद्धा धरायचे.

ताडांच्या रस्त्याने एक फेरी मारून आलो.
"उभी करशील तेव्हा गिअरमध्ये टाक, चाकाला वीट लाव,"
एबेरने बजावलं. "हँडब्रेक नको."

रविवारी फोन आला.
"सुरू करतेस ना?"
ओठांवर 'करते की' आलंच होतं.
म्हटलं, "दानुबियो, तू हँडब्रेक ओढून गेला होतास."

बराच वेळ नुसता तिकडचा पाऊस ऐकू येत राहिला.
मग म्हणाला,
"उतार होता गं."